पाहुण्यांचं पाणी

“त्या गावचं पाणी खारं आहे, बापू!”

आमटी वाढता वाढता गोदाबाईंच्या तोंडून हे शब्द निसटले... आणि निसटल्याबरोबर त्यांना वाटलं, त्याआधी जीभ चावली असती तर बरं झालं असतं! पाटावर बसलेल्या बापूसाहेबांचा घास हातातच राहिला, आणि दारात तुपाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी रमाबाईंनी ती वाटी अशी आदळली की निम्मं तूप जमिनीवर सांडलं.

“झालं!” रमाबाई म्हणाल्या. “मी म्हणत नव्हते? आज काहीतरी खुसपट निघेलच म्हणून!”

बापूसाहेब अमरावतीच्या कोर्टकचेरीत नाझर होते. जन्म समन्स आणि जप्त्यांच्या कागदांत गेला, आणि पुढच्या दसऱ्याला पेन्शन लागायची होती. पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यानं एक वेड घेतलं होतं. पेन्शनीत निघायच्या आधी एखाद्या खेड्यात दुसरं घर घ्यायचं, आणि उरलेलं आयुष्य तिथल्या मोकळ्या हवेत काढायचं! सुट्टी आली की स्वारी गावं पाहायला निघे. कौंडण्यपूरला वर्धेचा काठ त्यांना फार आवडला, पण यात्रेच्या दिवसांत सगळं गणगोत आपल्याच ओसरीवर येऊन पडेल, या धास्तीनं त्यांनी ते सोडलं. वरूडचे लोक संत्र्यांच्या बागांपायी हातभर जागा सोडायला तयार नव्हते, आणि हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी, छान, पण त्यांच्या मते आडवळणाला. शेवटी दर्यापूरच्या स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभरावर असलेलं येवतखेड त्यांच्या मनात भरलं. तिथले महादेवराव पाटील एक चौखणी घर विकत होते. अंगणात कडुनिंब, आणि अंगणातच विहीर! आज बापूसाहेब पाटलांना शब्द देऊन आले होते.

“ताई, मी दोनदा गेलो तिथं, दोन्ही वेळा पाणी प्यायलो. साखर टाकल्यासारखं पाणी!” ते म्हणाले.

“ओसरीवर बसून प्यायलास ना?”

“मग काय चुलीपाशी जाऊन बसायचं होतं? काय बोलून राहिली तू!”

“ते विहिरीचं नव्हतं रे...” गोदाबाईंनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं; आता बोलल्याच होत्या तर सगळं बोलून टाकणं भाग होतं. “पूर्णेच्या त्या पट्ट्यातल्या विहिरी खाऱ्या असतात, बापू. पाहुणा येणार असं कळलं की घरची बाई पहाटेच उठून नदीवर जाते, वाळूत झिरा उकरते आणि वाटीवाटीनं गोडं पाणी भरून आणते. पाहुण्यापुढं तेच ठेवतात. आणि सांगत नाहीत! सांगितलं तर पाहुण्याला ओशाळल्यासारखं होतं ना... माझं सासर त्याच पट्ट्यातलं. मी स्वतः घागरी वाहिल्यात! तू विहिरीचं पाणी काढून चाखलंस का?”

“पाटलाच्या घरचं पुरण खाऊन त्याच्याच विहिरीची परीक्षा घेऊ? एवढा मी अडाणी नाही. वाकून पाहिलं, तळ दिसत होता. बस्स!”

आता सांगा, याला काय म्हणायचं! जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे पंचनामे करणारा हा माणूस स्वतःचं घर घेताना पाहुणा म्हणून गेला, पाहुणा म्हणून जेवला आणि पाहुणचारालाच गाव समजून परत आला. शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना खेडं दिसतं ते असंच, ओसरीवरून.

“अहो, त्यांना कशाला समजावता?” रमाबाई पदर खोचत पुढे आल्या. “यांना या स्वयंपाकघरातून हलायचं नाही, एवढंच ते खारं पाणी! मार्गशीर्षात वसंताचं लग्न. सून यायची. घर घेतलं की तिथं वर्षभर राहायला माणूस हवं, नाहीतर लोक दारंखिडक्यासुद्धा काढून नेतील. मग वन्संशिवाय कोण जाणार? हे त्यांना केव्हाच कळून चुकलंय.”

गोदाबाईंनी भावाकडे पाहिलं. त्या घरात त्यांना धमकावणारी जीभ रमाची होती, पण त्यांचा भरवसा होता तो या एका माणसाच्या नजरेवर... आणि ती नजर आज पानातल्या भातावर खिळली होती.

“ताई,” बापूसाहेब हळूच म्हणाले, “कोर्टात ज्या साक्षीदाराचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असतो ना, त्याची साक्ष...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर निदान उलटून बोलता आलं असतं! गोदाबाईंनी पातेलं उचललं, सांडलेलं तूप पुसून घेतलं, आणि त्या मागच्या पडवीत जाऊन उभ्या राहिल्या. स्वार्थ! हा शब्द बापूनं आपल्याला लावावा?

एकोणिसाव्या वर्षी त्यांचं कपाळ पुसलं गेलं, तेव्हा सासरा देवमाणूस निघाला. दिराचा धाकटा मुलगा तुझ्या मांडीवर देतो, घरच्या किल्ल्या तुझ्या कमरेला लावतो, पण माहेरी जाऊ नकोस, असं तो रडत रडत म्हणाला होता. पण इकडे अमरावतीला आई नुकतीच गेली होती, वडील देवळातल्या पूजेअर्चेत हरवलेले, आणि दहा वर्षांचा बापू न्हाणीच्या दाराशी बसून आईला हाका मारत होता. गोदाबाईंनी किल्ल्या परत केल्या, मांडीवर येऊ घातलेलं मूल परत केलं आणि त्या निघून आल्या. त्या बापूनं आज त्यांना खोट्या साक्षीदारांच्या रांगेत बसवलं होतं.

रमाबाई मुळात दुष्ट होत्या असं नाही. अन्याय त्यांच्यावरही झालाच होता. पंचवीस वर्षं त्या या घरात वावरल्या, पण चूल वन्संची, फडताळ वन्संचं, आज काय शिजवायचं ते वन्सं ठरवणार, आणि नवरा पहिला घास घेतल्यावर म्हणणार, “ताई, छान झालंय!” आता सून यायची, आणि तिनंही येताक्षणी आत्येसासूलाच विचारायचं का, भात किती घालू म्हणून? या एका विचारानं रमाबाईंचं काळीज आतून जळत होतं. जळणारं माणूस समोरच्यालाही चटके देतंच.

दिवाळी झाली आणि दर्यापूरला जाऊन बापूसाहेबांनी कागद करून घेतले. गोदाबाईंनी पुन्हा एक शब्दही काढला नाही. निघायच्या दिवशी त्यांनी रमाबाईंना फडताळापाशी नेलं आणि कुठं काय ठेवलंय ते दाखवू लागल्या, तर रमाबाई म्हणाल्या, “दाखवू नका. सगळं काढून मी माझ्या हातानं लावणार आहे.”

“बरं,” गोदाबाई म्हणाल्या. “वसंताला कारळाची चटणी लागते, तेवढं...”

“वसंत माझा मुलगा आहे, वन्सं!”

गोदाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ते त्यांनी रमासमोर सांडू दिलं नाही. मुर्तिजापूरला गाडी बदलून छोट्या रेल्वेनं दर्यापूर, तिथून पाटलांच्या बैलगाडीनं येवतखेड. बापूसाहेबांनी बहिणीला पोचवलं, पाटलांकडे जेवले, गोडं पाणी प्यायले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना पाया पडायला वाकले, पण वर मात्र पाहिलं नाही.

पहिले आठ दिवस गोदाबाईंच्या दारात रोज सकाळी भरलेली घागर येई. शेजारची माणिकबाई आणून ठेवी. नवव्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली आणि उंबऱ्यावर बसून मोकळेपणानं म्हणाली, “बाई, तुमी पाव्हन्या होत्या तवर आमी गोडं पानी देल्लं. आता तुमी गावच्या झाल्या. आता आमच्यावानी इहिरीचं प्या.”

“खरंय गं,” गोदाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं. “प्यायचंच आता!”

पण वयाच्या विशीत पचणारं साठीला पचत नाही. डाळ शिजायची नाही. माणिकबाईनं सांगितला तसा चिमूटभर सोडा टाकला की शिजे, पण मग तोंडाची चव जाई. साबणाला फेस येत नसे, चहात दूध नासे, आणि हौसेनं लावलेली तुळस महिन्याभरात वाळून गेली. मार्गशीर्षात अकोल्याला वसंताचं लग्न लागलं. ज्याला पाळण्यात जोजवलं, त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला गोदाबाई नव्हत्या, “घर बंद करून येता कसं येईल?” असा निरोप रमाबाईंनी पाटलांकरवी आधीच धाडला होता. नवी सून अनुपमा कशी दिसते, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकटीनं शिरा केला, देवापुढे ठेवला आणि तोंडात घालताच त्यांना खारट लागला... तो पाण्यामुळे होता की डोळ्यांतल्या धारांमुळे, कोण जाणे!

फाल्गुनात पायांवर सूज आली. कुशीत कळ उठे आणि घामानं अंग भिजून जाई. माणिकबाई चिडून म्हणे, “भावाले सांगून काहून नाई धाडत? मरून राहिल्या तुमी अठी!” पण गोदाबाईंचा हट्ट मोठा विलक्षण होता. एकदा सांगून झालं. ऐकलं नाही. आता अमरावतीकडे जाणारं कोणी भेटलं की त्या एवढंच सांगायच्या, “बरी आहे म्हणावं.”

चैत्रात एके दिवशी महादेवराव पाटील फाटकातून ओरडले, “बाईसायेब, उद्या बापूसायेब येऊन राहिले, जोडीनं!”

गोदाबाई भिंतीला धरून उठल्या. भाऊ येणार! माझ्या दाराशी येणार! घर कागदावर कोणाचंही असो, पण चूल त्यांची होती, सारवण त्यांच्या हातचं होतं. पहाटे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधारात त्यांनी घागर उचलली, तेव्हा माणिकबाई दारात आडवी उभी राहिली.

“तुमी नका जाऊ. मी आनून देतो. पाय पाहा आपले!”

“नको. माझे पाहुणे आहेत.”

“भावाचं कायचं पाव्हनपन? प्याले खारं द्या, मंग कयेल त्याले!”

गोदाबाईंनी घागर कमरेवर सावरली. खोटं कशाला सांगावं, तो विचार त्यांच्याही मनात रात्रभर घुटमळला होता! एक पेलाभर विहिरीचं पाणी त्याच्या पुढ्यात ठेवलं की झालं असतं... एका घोटात आपण खऱ्या ठरलो असतो!

“माणिक,” त्या म्हणाल्या, “जन्मभर मी दुसऱ्यांच्या घरी राहिले. माझ्या दाराशी पाहुणा असा कधी आलाच नाही गं! पहिल्यांदा येतोय, आणि त्याला मी खारं पाणी देऊ?”

चैत्रातली पूर्णा म्हणजे वाळूच वाळू. माणिकबाईनं झिरा उकरला आणि गोदाबाईंनी वाटीवाटीनं घागर भरली. येताना त्या वाटेत बसत, उठत, पुन्हा बसत आल्या, पण घागर त्यांनी माणिकबाईच्या डोक्यावर दिली नाही. ऊन तापायच्या आत अंगणात सडा पडला आणि गोदाबाई पायांवरून लुगडं खाली ओढून, सूज झाकून, दाराशी उभ्या राहिल्या.

गाडी आली. रमाबाई उतरल्या त्या घराकडे पाहत, आणि बापूसाहेब उतरले ते कडुनिंबाकडे पाहत. गोदाबाईंनी पायांवर पाणी दिलं, चटई अंथरली, आणि गूळ आणि घासलेल्या पेल्यांत पाणी पुढे केलं. बापूसाहेबांनी एका दमात पेला रिकामा केला. रमाबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, मग दुसरा घेतला... आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक निर्दय हसू पसरलं.

“अहो! हेच का ते खारं पाणी?”

गोदाबाईंनी गूळ त्यांच्यापुढे सारला.

“बोला ना, वन्सं! भरल्या पानावर माणसाच्या आनंदात विष कालवलंत, कशासाठी? चुलीसाठी! नव्या वास्तूचं नाव निघालं आणि पहिला अपशकुन तुमच्या तोंडून!”

अपशकुन! तो शब्द गोदाबाईंनी पंचेचाळीस वर्षं लग्नामुंजीच्या मांडवांत लोकांच्या डोळ्यांत वाचला होता. तोंडावर आज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी भावाकडे पाहिलं. हा तरी म्हणेल, रमा, गप्प बस...

बापूसाहेब रिकाम्या पेल्यात पाहत होते. “ताई,” ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “मला वाटत होतं, निदान तू तरी माझ्याशी खोटं बोलणार नाहीस.”

अजूनही वेळ गेली नव्हती. दोन पावलं टाकून अंगणातला पोहरा ओढला असता तर पुरे होतं! पण पाहुण्याच्या हातात पेला असताना कोणती घरधनीण असं बोलते? गोदाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला. “आणखी देऊ का रे?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि बापूसाहेबांनी मानेनंच नको म्हटलं.

ते पाटलांकडे निघून गेल्यावर रमाबाई आत शिरल्या. “आज स्वयंपाक मी करणार. हे घर माझं आहे, इथं तरी पहिल्या दिवसापासून मी करीन.”

“कर गं. फक्त डाळीला त्या घागरीतलं पाणी घे. रांजणातलं नको.”

“कुठलं पाणी घ्यायचं तेसुद्धा तुम्हीच सांगणार?” रमाबाई फणकारल्या, आणि केवळ सांगितलं त्याच्या उलट करायचं म्हणून त्यांनी रांजणात तांब्या बुडवून डाळीवर ओतला.

गोदाबाई ओसरीवर जाऊन टेकल्या. कुशीतली कळ आता पाठीत शिरली होती. आत चुलीचा धूर झाला, फुंकणीचा आवाज आला, मग पळीचा. बराच वेळ गेला. पुन्हा फुंकणी, पुन्हा पळी. रमाबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, लाकडं सारत होत्या. सावली अंगणभर सरकली तरी डाळीचा दाणा जसाच्या तसा टणक.

“वन्सं! या डाळीला काय केलंत तुम्ही?” त्या किंचाळल्या. “काय घातलंत तिच्यात?”

“मी कशाला काय घालू...”

“मग शिजत का नाही?” म्हणत त्यांनी पळीभर पाणी फुंकून तोंडात घेतलं... आणि दुसऱ्याच क्षणी थुंकून टाकलं. घाईघाईनं त्यांनी रांजणातला तांब्या तोंडाला लावला. तोही थुंकला. मग घागरीतलं घोटभर घेतलं, आणि ते मात्र गिळल्यावर त्या तिथंच, चुलीच्या उजेडात, जमिनीवर बसल्या.

गोड. खारं. गोड. न कळण्यासारखं काय होतं त्यात! पंचवीस वर्षांच्या रागानं बंद केलेले डोळे एका घोटानं उघडले. त्या उठून ओसरीवर आल्या, आणि भिंतीला टेकलेल्या गोदाबाईंचे उघडे पडलेले पाय त्यांना दिसले... सुजलेले, ताणलेले, टाचांच्या भेगांत अजून नदीची वाळू अडकलेली.

“हे पाणी... कोणी आणलं?”

“पाहुणे यायचे होते.”

“या पायांनी? आणि तुम्ही स्वतः... इतके महिने... ते रांजणातलं?”

गोदाबाईंनी टाचेतली वाळू बोटानं झटकली.

तेवढ्यात बापूसाहेब आणि महादेवराव पाटील गप्पा मारत अंगणात आले. रमाबाई धावत आत गेल्या आणि काठोकाठ भरलेला पेला आणून त्यांनी नवऱ्यापुढे धरला. “घ्या. प्या!”

बापूसाहेबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं. “हे काय?”

“तुमच्या घरचं पाणी!”

“पाटील!” बापूसाहेब गरजले. “तुमच्या विहिरीचं पाणी खारं आहे?”

“आता खारंच राहीन ना, बापूसायेब,” महादेवराव गोंधळून म्हणाले. “साऱ्या गावाचंच खारं हाये.”

“मग मला गोड पाणी का पाजलंत? फसवलंत मला!”

“फसोलं?” पाटलांचा आवाज चढला. “माह्या घरी पाव्हना आला, अन् त्याले मी खारं पानी पाजू? आमच्या घरच्या बाया दर खेपेले नदीवर गेल्या तुमच्यासाठी! पानी कसं हाये, असं इचारलं काहून नाई तुमी? इचारलं असतं तर सांगतलं असतं. अन् तुमच्या घरात या पट्ट्यात नांदलेली बाई हाये, तिले तरी इचाराचं!”

“तिनं न विचारताच सांगितलं होतं, पाटील,” रमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर असा फाटला की पाटील खाली मान घालून मुकाट्यानं फाटकाकडे वळले. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “काय हो नाझरसाहेब, साक्षीदार खोटा होता का?”

बापूसाहेबांच्या हातातला पेला कलंडला. त्यांची नजर त्या पायांवर गेली, तिथून चेहऱ्यावर गेली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. “ताई!” असा एकच हंबरडा त्यांच्या तोंडून फुटला, आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडू लागला.

“उठ रे, बापू... पाटील अजून दिसतोय फाटकात,” गोदाबाई त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या.

पण रमाबाई रडत नव्हत्या. संतापानं त्या गोदाबाईंकडे वळल्या. “आणि तुम्ही! सकाळी मी ते सगळं बोलत होते तेव्हा तुम्हाला तोंड नव्हतं? माझ्याकडून ते पाप का घडू दिलंत? का नाही म्हणालात, रमे, जीभ आवर, हे पाणी मी नदीवरून आणलंय?”

“कसं म्हणू? पाहुणी होतीस तू.”

तो साधा शब्द रमाबाईंना सकाळच्या आपल्या साऱ्या शब्दांहून जास्त झोंबला. पाहुणी! पंचवीस वर्षं ज्या घरात आपल्याला पाहुणीसारखं वाटलं म्हणून या बाईचा द्वेष केला, त्या बाईनं पाहुणीसाठी काय करतात ते आज दाखवलं होतं... त्या आत गेल्या, रांजणातलं पाणी तांब्याभर घेऊन आल्या, आणि गोदाबाई नको नको म्हणत असताना, डोळे मिटून, घोटाघोटाला शहारत, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन गेल्या.

“झाले का आता घरची?” त्या धापा टाकत म्हणाल्या. “उद्या सकाळी चला. अमरावतीला.”

“कशाला, रमा? एका चुलीपाशी दोन बायका मावत नाहीत, तुझंच म्हणणं होतं ना.”

“नाहीच मावत! भांडू. रोज भांडू, दोनदा भांडू. तुम्ही मीठ जास्त घातलंत म्हणून मी ओरडेन, आणि मी फडताळ वाकडं लावलं म्हणून तुम्ही ओरडा. पण तिथं! इथं तुम्हाला एकटीला मरायला मी नाही ठेवणार!” आणि एवढं बोलून झाल्यावर मात्र त्यांचा बांध फुटला. गोदाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या हुंदके देऊ लागल्या. गोदाबाई त्यांना थोपटत राहिल्या.

सकाळी माणिकबाईनं डोळे पुसत गाडीत कडबा अंथरला. गोदाबाईंना पाय उचलून चढता येईना, तेव्हा रमाबाई खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी ती सुजलेली पावलं एकेक करून उचलून त्यांनी गाडीत ठेवली. बापूसाहेब पुढे बसले. गाव मागं पडलं आणि कापूस वेचून झालेली काळी रानं दोन्ही बाजूंना लागली.

“ताई,” बापूसाहेब मागं वळून म्हणाले, “हे घर मी पाटलाला परत देईन, नाहीतर पडू देईन. दुसरं पाहू. यावेळी तूच सांग... तुला कुठं राहावंसं वाटतं?”

गोदाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. बापानं ठरवलं तिथं त्या नांदल्या, नशिबानं परत पाठवलं तिथं त्या राबल्या, भावानं नेऊन सोडलं तिथं त्या झिजल्या. पण तुला कुठं राहावंसं वाटतं, हा प्रश्न त्यांना साठ वर्षांत एकाही माणसानं विचारला नव्हता. त्यांचे ओठ हलले, आणि त्यांना एकाही गावाचं नाव सुचेना.

“विचारलंस ना, बापू...” त्या डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. “भरून पावले. पुरे झालं.”

“पुरे कसं झालं?” रमाबाई शेजारून फटकन म्हणाल्या. “विचारून राहिले तर सांगा ना नीट! आम्ही ऐकतोय.”

गोदाबाईंनी पदर खाली केला. आणि मग, अडखळत, मध्येच थांबत, त्या सांगू लागल्या.